टोल्याचे कौतुक पुरे!

गोल्फ या विषयावर महाडकडच्या माणसाने दिवाळी अंकात लेख लिहावा, याचे पुष्कळ वाचकांना हसू येईल. येऊ द्यावे, दिवाळी हसण्यासाठीच असते. आमच्याकडे सपाट जमीन म्हणजे भाताची खाचरे; उरलेले सारे डोंगर, दऱ्या आणि सावित्री-गांधारीची पात्रे. सिडकोने खारघरला गोल्फचे मैदान केले आहे, आणि खारघर म्हणायला आमच्याच रायगड जिल्ह्यात येते. परंतु पोलादपूरच्या माणसाला तिथे पोचायचे तर भल्या पहाटेची एस. टी. धरली पाहिजे. तेव्हा ‘तुम्हांला गोल्फशी काय कर्तव्य?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. माझे उत्तर असे की, कर्तव्य आहे; आणि ज्यांच्या दारात मैदान आहे त्यांच्यापेक्षा ते काकणभर अधिकच आहे.

या खेळाविषयी एक खोटी समजूत आपल्याकडे रूढ झाली आहे. ती अशी की, गोल्फ म्हणजे टोला. दूरदर्शन लावा, टोला दिसतो. जाहिरात पाहा, टोला दिसतो. मोबाइलवर बोट फिरवा, पुन्हा टोलाच. कमरेतून पिळवटलेला खेळाडू, आभाळात नाहीसा झालेला चेंडू आणि तोंडात बोट घातलेले प्रेक्षक! मुंबईला, पुण्याला किंवा आखातात नोकरीला गेलेल्या आमच्या मुलांना या खेळाचा नाद लागला, तर तीही पहिल्या दिवसापासून टोलाच मारू लागतात. ताशी पैसे मोजून चेंडूंची टोपली घ्यायची, दांडा गरगरा फिरवायचा, आणि चेंडू किती यार्ड गेला ते दिवाळीला घरी आल्यावर सर्वांना सांगायचे. तो चेंडू पुढे गलीत पडला की नाही, हे विचारू नये. विचारल्यास संभाषणाचा विषय बदलतो.

जी मंडळी या खेळापासून दूर आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. गोल्फच्या मैदानावर अठरा ठिकाणी जमिनीत एक-एक लहानशी गल असते. दूरवरच्या आरंभस्थानापासून कमीत कमी फटक्यांत चेंडू त्या गलीत घालायचा, एवढाच हा खेळ. गलीभोवतीचे गवत गालिच्यासारखे कापलेले असते. त्या जागेला ग्रीन म्हणतात. ग्रीनवर चेंडू जमिनीवरून घरंगळत नेणारा फटका तो पट. ग्रीनच्या काठावरून चेंडू किंचित उचलून आत टाकणारा फटका ती चिप. त्याहून थोडा लांबचा व उंच जाणारा फटका तो पिच. पट, चिप, पिच आणि वाळूच्या खड्ड्यातून चेंडू काढणे, या चौघांच्या कुटुंबाला ‘छोटा खेळ’ म्हणतात. माझे सारे भांडण या छोट्या खेळाच्या वतीने आहे.

आधी साधा हिशेब करू. अठरा गलींसाठी मिळून साधारण बहात्तर फटके अपेक्षित धरतात. त्यांत प्रत्येक गलीमागे दोन पट गृहीत असतात, म्हणजे छत्तीस. बहात्तरांतले छत्तीस, चक्क निम्मे! ज्या लांब दांड्याने गगनभेदी टोला मारतात तो ड्रायव्हर सगळ्या फेरीत फार तर चौदा वेळा हाती येतो, कारण अठरांपैकी चारएक गली इतक्या जवळ असतात की तिथे तो लागतच नाही. चौदा वेळा लागणाऱ्या फटक्यासाठी सारा घाम गाळायचा आणि छत्तीस वेळा लागणाऱ्या फटक्याकडे ढुंकून पाहायचे नाही, हा कुठला व्यवहार? घरातली गृहिणी पुरणपोळीवर वर्षातून चार दिवस मेहनत घेते, पण तिचा संसार रोजच्या भात-आमटीवर उभा असतो. हे तिला कळते. गोल्फ खेळणाऱ्या तिच्या चिरंजिवांना कळत नाही.

आता विरोधकांकडे वळतो. पहिले महाशय म्हणतात, ‘टोल्यात मर्दुमकी आहे. चेंडू हळूच ढकलणे हा म्हाताऱ्या-कोताऱ्यांचा उद्योग.’ या महाशयांना मी आदराने प्रतापगडाच्या पायथ्याशी नेऊ इच्छितो. पोलादपूरहून आंबेनळीचा घाट चढला की तो गड समोर येतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी तिथे जे घडले ते हातभर अंतरावर घडले, आणि त्या अंतरावर लांब शस्त्र कामाचे नव्हते. मुठीत मावणारे कामाचे होते. ज्या अंतरावर निकाल लागतो त्या अंतराचे शस्त्र ज्याच्यापाशी, तो शहाणा. गोल्फचा निकाल शेवटच्या काही हातांवर लागतो.

आणि मर्दुमकीचीच गोष्ट काढलीत, तर एका मुलीचे उदाहरण ऐका. टोकियोचे ऑलिंपिक सामने २०२१ साली झाले. त्यांत महिलांच्या गोल्फमध्ये साठ जणी होत्या. बंगळूरची अदिती अशोक त्या वेळी जागतिक क्रमवारीत दोनशेच्या आसपास होती. नुकत्याच होऊन गेलेल्या कोविडने तिची ताकद आणखी कमी झाली होती, आणि त्या साठ जणींत सर्वांत आखूड टोला मारणाऱ्यांत तिची गणना होती. बॅग वाहायला सोबत होती तिची आई. ही मुलगी चार दिवस पदकाच्या शर्यतीत राहिली आणि अखेर चौथी आली. पदक एका फटक्याने हुकले. लांब टोल्याचे भक्त लगेच म्हणतील, ‘पाहा, टोला लांब असता तर पदक मिळाले असते!’ असेलही. परंतु दोनशेव्या क्रमांकावरच्या मुलीला चौथ्या क्रमांकावर आणून बसवले कोणी? तिच्या पटने! ज्यांचे टोले तिच्याहून कितीतरी लांब होते, त्यांतल्या कितीजणी तिच्या मागे राहिल्या, तेही मोजा.

दुसरे विरोधक अधिक विद्वान आहेत. ते आकडे घेऊन येतात. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी हजारो फेऱ्यांतला एक-एक फटका मोजला आणि २०१४ साली ग्रंथ लिहून असे दाखवले की, उत्तम आणि सामान्य खेळाडू यांच्यातल्या फरकाचा सुमारे दोन तृतीयांश भाग शंभर यार्डांपलीकडच्या फटक्यांमुळे पडतो. ‘पट जिंकून देतो’ ही जुनी म्हण या हिशेबापुढे लंगडी पडते, हे मला मान्य आहे. खोटे बोलून छोट्या खेळाची बाजू मांडण्याची मला गरज नाही. परंतु ब्रॉडी एका प्रश्नाचे उत्तर देतात आणि मी दुसराच प्रश्न विचारतो आहे. फरक कशाने पडतो, हा त्यांचा प्रश्न. ज्याच्यापाशी मैदान नाही, गुरू नाही, पैसा बेताचा आहे आणि दिवसाकाठी मोकळी अर्धी घटकाच आहे, त्याने सुधारायचे कुठून, हा माझा. लांब फटका सुधारायला अडीचशे यार्डांचे रान लागते, तरुण पाठ लागते आणि चूक दाखवणारा जाणता लागतो. पट सुधारायला तीस फूट जागा पुरते, आणि चूक चेंडू स्वतःच दाखवतो. शिवाय वयाबरोबर ताकद ओसरते, पण हाताचे माप टिकते. सत्तरीतल्या आजीच्या हातचे मीठ चुकत नाही, तसेच हे आहे.

तिसरे विरोधक माझ्या मनाला सर्वांत जवळचे, कारण त्यांचा राग खरा आहे. ते म्हणतात, ‘हा श्रीमंतांचा खेळ. आपण त्याच्या वाटेला जाऊच नये.’ क्लबांची दारे पाहिली तर त्यांचे म्हणणे खोटे म्हणता येत नाही. परंतु या दारांतून कोण आत शिरले, तेही पाहावे. कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा. तिथल्या हिरवळीची निगा राखणाऱ्या एका माळ्याचा मुलगा शिवशंकर प्रसाद चौरसिया. दुसऱ्यांच्या बॅगा वाहता वाहता तो पाहून पाहून खेळ शिकला. अंगकाठी लहान, टोला बेताचा. पण ग्रीनच्या आसपास त्याचा हात असा की सोबत्यांनी चिप आणि पट हे दोन शब्द त्याच्या आडनावाला जोडून त्याचे ‘चिपपट्‌सिया’ असे बारसे केले. या चिपपट्‌सियाने २००८ साली इंडियन मास्टर्स जिंकली, आणि २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन जिंकली. त्याच्याही आधी, १९९१ साली, इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर हाही दिल्लीच्या मैदानावर बॅगा वाहणाऱ्यांतूनच वर आलेला. बॅग वाहणाऱ्या मुलाला मोकळे मैदान रोज कुठून मिळणार? त्याला मिळतो कोपरा, एखादा जुना दांडा आणि फावला वेळ. तेवढ्यात जो खेळ बसतो तो छोटा खेळ. म्हणून म्हणतो, गोल्फमधला टोला क्लबाच्या मालकीचा असेल. चिप आणि पट ज्याच्या हाताला येतील त्याच्या मालकीचे आहेत.

बायकांनीही हे दार असेच उघडले. स्कॉटलंडमधले सेंट अँड्र्यूज हे या खेळाचे पंढरपूर. तिथे एकोणिसाव्या शतकात स्त्रीने खांद्यावर हात नेऊन दांडा फिरवणे अशोभनीय मानीत. तेव्हा तिथल्या स्त्रियांनी १८६७ साली फक्त पट खेळण्याचा स्वतःचा क्लब काढला. त्यांची ती उंचसखल हिरवळ ‘हिमालय’ या नावाने ओळखली जाते, आणि आजही बाहेरचा माणूस किरकोळ शुल्क देऊन तिथे लेकराबाळांसह खेळू शकतो. आयर्लंडच्या लोकांनी तर छोट्या खेळाचाच एक वेगळा खेळ केला. त्याला पिच अँड पट म्हणतात. त्यात एकही गल नव्वद मीटरांहून लांब नसते, अठरा गलींची एकूण लांबी बाराशे मीटरांच्या आत असते आणि खेळाडूला तीनच दांडे बाळगता येतात. मोठ्या गोल्फला चौदांपर्यंत दांडे चालतात. चौदांचे तीन झाले, पण खेळ संपला नाही. उलट गावोगावच्या कामकरी माणसापर्यंत पोचला.

आता नुसते भांडून भागणार नाही. छोटा खेळ सुधारायचा कसा, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर वाचक म्हणतील, गृहस्थ बोलतो फार.

चिपचा मंत्र एका ओळीचा आहे: चेंडू हवेत कमी, जमिनीवर जास्त. नवशिका गलीकडे पाहतो. जाणता टप्प्याकडे पाहतो. चेंडू ग्रीनवर नेमका कुठे पडावा ती जागा आधी ठरवावी. तिथून पुढे तो घरंगळत जाईल, हे जमिनीवर सोपवावे. पाय जवळ घ्यावेत, अंगाचा भार पुढच्या पायावर ठेवावा, चेंडू मागच्या पायाकडे घ्यावा, दोन्ही हात चेंडूच्या किंचित पुढे असावेत आणि मनगटे गप्प असावीत. सर्वांत मोठी चूक म्हणजे चेंडूखाली दांडा खुपसून त्याला वर उचलू पाहणे. दांड्याचे पाते आधीच तिरपे असते; उचलण्याचे काम ते करते. आपण मदतीला गेलो की चेंडू एक तर जागचा हलत नाही, नाहीतर बंदुकीच्या गोळीसारखा पलीकडच्या कुंपणात जातो.

पटचे मर्म दिशेपेक्षा अंतरात आहे. तीस फुटांवरून मारलेला पट दिशेला चुकला तर चेंडू गलीपासून फूट-दीड फूट बाजूला राहतो. अंतराला चुकला तर सहा-सहा फूट मागे-पुढे जातो. आणि सहा फूट ही काही खात्रीची गोष्ट नव्हे. व्यावसायिक खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्म्याच वेळा चेंडू गलीत घालतात, आणि वीस फुटांवरून शंभरांत पंधराएक वेळा. मग तुम्ही-आम्ही लांबचा पट हुकला म्हणून कपाळाला हात का लावावा? लांबून चेंडू गलीजवळ तीन फुटांत आणून ठेवणे, आणि तीन फुटांवरून कधीही न चुकणे, एवढे दोनच नेम ठेवावेत. दुसऱ्या नेमासाठी घड्याळाचा सराव उत्तम: गलीभोवती तीन फुटांवर आठ चेंडू गोलाकार मांडावेत आणि ओळीने आत घालावेत. एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. खांद्यांपासून दोन्ही हात लंबकासारखे हलावेत, डोके हलू नये, आणि चेंडू गेला तरी नजर क्षणभर जागीच राहावी.

वाळूतल्या फटक्याला लोक उगीच भितात. तिथे चेंडूला मारायचेच नसते! चेंडूच्या दोनएक इंच मागे वाळूत दांडा घालायचा आणि न थांबता पुढे काढायचा. वाळूच चेंडूला उचलून बाहेर टाकते. या कामाचा रुंद तळाचा दांडा अमेरिकेच्या जीन साराझेन या खेळाडूने १९३२ च्या सुमारास रूढ केला.

‘पण हे करायचे कुठे?’ अहो, तुमच्या खळ्यात! भारतात जिथे गवत तग धरीत नाही अशा पुष्कळ मैदानांवर वाळूत तेल मिसळून, दाबून पट खेळण्याच्या जागा करीत. हिरव्या नव्हेत म्हणून त्यांना ‘ब्राऊन’ म्हणत. चोपून शेणाने सारवलेले खळे हे त्या ब्राऊनचे सख्खे भावंड आहे. गलीचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे लहानशा वाटीएवढा. चेंडू पावणेदोन इंचांहून किंचित कमी. दोन चेंडू शेजारी-शेजारी आत सुखाने मावतात. एक जुना वेज, एक पटर आणि पाच-सहा चेंडू एवढा संसार पुरे. चिपसाठी कापणी झालेले खाचर आहे. बुडख्यांतून चेंडू स्वच्छ उचलणारा हात पुढे कुठल्याही मखमली हिरवळीवर अडत नाही. विटी कोललेली आणि गोट्या खेळलेली मुले या कामात शहरातल्या मुलांना हां हां म्हणता मागे टाकतील, कारण किती जोराने मारले म्हणजे किती दूर जाते, हे माप त्यांच्या बोटांत आधीच मुरलेले आहे.

आता मुख्य मुद्दा. टोल्याचे वेड केवळ खेळापुरते असते तर मी लेखणी उचलली नसती. टोल्याला मैदान लागते. अठरा गलींच्या पुऱ्या मैदानाला सव्वाशे-दीडशे एकर जमीन आणि बाराही महिने पाणी लागते. आमच्या डोंगरांत पाऊस धो धो कोसळतो आणि चैत्र-वैशाखात पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर बायका हंडे घेऊन वाट तुडवतात. २०२१ च्या जुलैत तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. डोंगर कापताना दहा वेळा विचार करावा, एवढे तरी त्या दिवसाने आम्हांला शिकवले आहे. आणि पाण्याविषयी तर महाडला कोणी शिकवूच नये. चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता; पण कागदावर खुले असलेले पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ चा दिवस उजाडावा लागला आणि डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह तळ्याच्या काठी यावे लागले. त्या गावाच्या पंचक्रोशीत मूठभर सभासदांच्या शोभेसाठी पाणी अडवून त्यात चेंडू बुडवायचे, ही कल्पना ज्यांना ‘विकास’ वाटते त्यांनी आधी त्या तळ्याला एक प्रदक्षिणा घालून यावे.

म्हणजे खेळ नको, असे मी म्हणत नाही. नेमके उलटे म्हणतो. खेळ हवाच, पण जो आमच्या अंगणात बसतो तो. शाळेच्या आवारातला एक कोपरा, गावठाणातली अर्धा एकर सपाट जागा, पाच-सात गली, कपाटात कुलपाबाहेर ठेवलेले चार दांडे, आणि पाटीवर एकच वाक्य: सर्वांना खुले. त्याला परदेशी गवत नको, तारेचे कुंपण नको, सभासदत्व नको. संध्याकाळी आजोबा, सून आणि नातू एकाच गलीवर बरोबरीने खेळू शकतील असा दुसरा मैदानी खेळ मला कोणी दाखवावा. टोल्यात नातू आजोबांना हरवणारच. पटमध्ये आजोबा नातवाला रडवू शकतात. घराघरांत दोन पिढ्यांचे बोलणे तुटत चालल्याची ओरड आपण सारे करतो. त्यावर याहून स्वस्त औषध माझ्या पाहण्यात नाही.

इतके सांगूनही ज्यांना टोलाच थोर वाटतो, त्यांच्याशी मी आणखी वाद घालणार नाही. त्यांनी दिवाळीच्या चार दिवसांत कुठल्याही सारवलेल्या खळ्यात यावे, तीन फुटांवर आठ चेंडू मांडावेत आणि आठही ओळीने गलीत घालून दाखवावेत. घातले, तर त्यांच्या टोल्याच्या लांबीविषयी ते सांगतील तेवढे मी ऐकून घेईन, आणि वर फराळही देईन. नाही जमले, तर दांडा खाली ठेवू नये. तिथूनच आरंभ करावा.